चावी कुणी दिली?

1 जुलै 2023. वाशीम जिल्हा स्थापन झाल्याला त्या दिवशी 25 वर्षं पूर्ण झाली. त्याच दिवशी रात्री दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी ट्रॅव्हल्स आपला जिल्हा मागे टाकून बुलढाण्यात पोचली होती. सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला ती समृद्धी महामार्गावर उलटली आणि पेटली. 25 प्रवासी मेले. चालक वाचला. टायर फुटलं, असं त्याने सांगितलं. आरटीओच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढे अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि चालकाच्या रक्तात अल्कोहोल सापडल्याचं बाहेर आलं.

तोवर आपण काय काय बोलून घेतलं होतं! रस्ता फार सरळ आहे म्हणून झोप लागते, सिमेंटमुळे टायर तापतात. काही मंडळींनी तर अपघात थांबावेत म्हणून तिथे मंत्र म्हटले आणि महामृत्युंजय यंत्र पुरलं. सरळ रस्त्याचे आणि तापलेल्या टायरचे धोके खरे आहेत, ते मी नाकारत नाही. पण चालकाच्या तोंडाचा वास हा सर्वात आधी विचारायचा प्रश्न होता, आणि तो सर्वात शेवटी आला.

समृद्धीवरचा अपघात मोठा, म्हणून तो राज्यभर गाजला. आपल्याकडे एरवी जे मरण येतं ते मोटरसायकलवर येतं आणि त्याची बातमी चार ओळींची असते. संध्याकाळी सात-साडेसातला हिंगोली रोडला, रिसोड रोडला किंवा मंगरूळपीरकडे जाताना ढाब्यांसमोर बघा. गाड्यांची रांग लागलेली असते. या गाड्यांचे मालक कसे आले? गाडीवर. कसे जाणार? गाडीवरच. रात्री दहा वाजता इथे ना सिटी बस, ना टॅक्सी. गाव दहा-पंधरा किलोमीटरवर. म्हणजे बाटली फुटते त्या क्षणीच पिऊन गाडी चालवणं ठरलेलं असतं, आणि ते टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. ढाबेवाल्यालाही.

परवाना नसलेल्या ढाब्यावर दारू पिऊ देणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम 68 प्रमाणे गुन्हा आहे आणि तिथे बसून पिणं हा कलम 84 प्रमाणे. उत्पादन शुल्क खातं धाडी घालतं, दंड होतो, आणि काही दिवसांनी स्टीलच्या ग्लासात पुन्हा तेच सुरू.

“काही नाही होत भाऊ, रोजचाच रस्ता हाये.” हे वाक्य वऱ्हाडात ज्याने ऐकलं नाही असा माणूस मला दाखवा. रस्ता रोजचा असतो हो. पण त्यावर उभी असलेली रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रोजची नसते. सोयाबीनच्या हंगामात तर अशा ट्रॉल्या जागोजागी असतात. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. दारूने ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा पडला, तर तेवढ्यात आठ मीटर गेलेले असतात. लिंबू पिळा, चहा प्या, डोक्यावर गार पाणी ओता, यकृत आपल्याच गतीने काम करतं. एका पेगला साधारण एक तास. चार पेग घेऊन अर्ध्या तासात “उतरली” म्हणणारा खोटं बोलतो.

आता कायदा बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 : 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण त्याच कायद्यात कलम 188 आहे. पिऊन गाडी चालवायला जो मदत करेल, चिथावणी देईल, त्यालाही तीच शिक्षा. नाकाबंदीच्या बातम्यांत हे कलम माझ्या वाचनात क्वचितच आलं. धुंद मित्राच्या हातात चावी देऊन “हळू जा बरं” म्हणणारा, स्वतःची गाडी त्याला चालवायला देणारा, या सगळ्यांना हे कलम विचारू शकतं : चावी कुणी दिली?

आणखी एक अडचण आहे, ती फारशी कुणी बोलत नाही. कलम 202 म्हणतं, अटक केल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर आरोपीला सोडावं लागतं. मुंबई-पुण्यात दोन तास पुष्कळ. मानोरा तालुक्याच्या टोकाच्या गावात रात्री अकराला, एक गाडी आणि दोन शिपाई असताना, ते पुरतील का? तपासणीच झाली नाही तर कागदावर दारू येत नाही, “भरधाव वेग” येतो. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. सरकारी तक्त्यात त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू वेगाच्या खात्यात आहेत आणि दारूच्या खात्यात जेमतेम दोन-तीन टक्के. ढाब्यासमोरची ती रांग बघितलेल्या कुणालाही हा आकडा पटणार नाही.

म्हणून वाशीम पोलिसांना आणि उत्पादन शुल्क खात्याला माझी सरळ मागणी आहे. नाकाबंदी 31 डिसेंबरला होते, धुळवडीला होते. पोळ्याच्या करीला गावोगाव काय चालतं हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्या दिवशी करा. साध्या मंगळवारी रात्री नऊला करा. चौकात नको, ढाब्यांच्या तोंडाशी उभे राहा, गाडी सुरू होण्याआधी. प्रत्येक ग्रामीण ठाण्याला श्वास तपासणीचं चालू स्थितीतलं यंत्र द्या. ढाबेवाल्यावर नुसता दारूबंदीचा गुन्हा नको. पिलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात त्याने स्वतः चावी ठेवली असेल, तर 188 लावून बघा.

आणि वाचकहो, ट्रॅव्हल्समध्ये बसताना चालकाला वास येत असेल तर खाली उतरा, बाकीच्यांनाही उतरवा आणि तिथूनच 112 ला फोन करा. आज रात्री टेबलावर तुम्ही न पिणारे एकटे असाल, तर सगळ्यांच्या चाव्या तुमच्या खिशात घ्या. भांडण होईल. होऊ द्या.