टेककर आणि पंचपात्रे

डोंबिवली-ठाणे पट्ट्यात अलीकडे एक जमात वाढीला लागली आहे. दिवसा ही माणसं बँकेत, आयटीत किंवा महापालिकेच्या लेखा विभागात सापडतात. रात्री जेवणं आटोपली, की बेडरूममधल्या कपाटाची दोन्ही दारं उघडून बायकोच्या साड्यांसमोर उभी राहतात आणि गातात. यामागे शास्त्र आहे. रिकाम्या भिंतीवर आवाज आपटून माघारी येतो. पैठणीत आणि इरकलीत तो मुरतो. लग्नसराईत साड्या बाहेर निघाल्या, की या मंडळींच्या स्टुडिओला सुट्टी.

या जमातीचे प्रतिनिधी म्हणून आपण टेककरांना घेऊ. आडनाव मी ठेवलेलं आहे, पण सोसायटीत आता तेच चालतं. टेककरांकडे कंडेन्सर माइक आहे. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि ती मिळाली की त्याला सगळंच ऐकू येतं: टेककरांचा आवाज, खालच्या मजल्यावरचा मिक्सर, लिफ्टमधल्या बाईची दरवाजा लावून घेण्याची विनंती आणि कर्जतकडे निघालेली लोकल. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत सुरू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, त्यामुळे त्यांच्या घरी पनीर वारंवार होतं.

गाणं त्यांचं स्वतःचं आहे. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. विषय पाऊस. ते पावसाळ्यात रेकॉर्ड करता येत नाही, कारण खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजतो. मग एप्रिलमध्ये, बंद खोलीत, घामाघूम होऊन टेककर ‘थेंब’ या शब्दात ओलावा आणतात. गाणं आधी गणपतीत प्रसिद्ध होणार होतं. मग दिवाळीत. मग पाडव्याला. कुठल्या वर्षीच्या, हे विचारायचं नाही.

गाताना ओळ चुकली तर काय करायचं, यावर दोन पंथ आहेत. पहिला पंचवाल्यांचा. चुकीच्या जागेच्या थोडं आधीपासून गाणं वाजवायचं, गायकानं सोबत गात यायचं आणि नेमक्या जागी ‘रेकॉर्ड’ दाबून तेवढाच तुकडा नव्यानं भरायचा. आत शिरलं की पंच-इन, बाहेर पडलं की पंच-आउट. टेपच्या जमान्यात हे धाडसाचं काम होतं, कारण नवा आवाज भरताना जुना पुसला जायचा. बटण दाबायला उशीर झाला तर चुकलेल्या शब्दाचं शेपूट उरायचं. सोडायला उशीर झाला तर पुढच्या चांगल्या ओळीचं मुंडकं उडायचं.

दुसरा पंथ कॉम्पवाल्यांचा. हे लोक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा गातात, सगळे टेक पडद्यावर एकाखाली एक रचून ठेवतात आणि मग मांडी ठोकून प्रत्येकातला उत्तम तुकडा वेचून एक निर्दोष गाणं बांधतात.

टेककर या दुसऱ्या पंथाचे. पहिल्या पंथाचे कडवे अनुयायी म्हणजे त्यांचे कल्याणचे मेहुणे. त्यांना आपण पंचपात्रे म्हणू. हॉटेलात पंचपात्रे खुर्ची ओढतानाच मिसळ सांगतात. टेककर मेनूकार्ड मागच्या पानावरच्या जीएसटी क्रमांकापर्यंत वाचतात, शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघतात आणि वेटरलाच विचारतात, “तुम्ही काय घ्याल?” त्यांच्या हॉलच्या भिंतीवर रंगाचे चार नमुने ओळीनं मारलेले आहेत. नवीन पाहुण्यांना ती फॅशन वाटते.

टेककर टेक निवडायला बसतात तेव्हा उपवर मुलाचा बाप स्थळं बघतोय असंच वाटतं. “चौथा दिसायला चांगला आहे, पण शेवटी दम नाही. नववा सुरेल, पण जरा कोरडा. अकराव्याचं सगळं छान आहे हो, पण मागे कोणीतरी शिंकलंय.” मला ते कधी कधी सल्ल्यासाठी बोलावतात. ‘आले भरून’ हे दोन शब्द सात वेगवेगळ्या टेकमधून ऐकवतात. तिसऱ्या खेपेला माझे कान मालवतात. मग मी “पाचवा” म्हणतो. “मलाही पाचवाच वाटत होता,” ते म्हणतात आणि सहावा लावतात.

कॉम्पिंगमध्ये खरं कसब आहे ते तुकडा कुठे कापायचा यात. क, ट, प म्हणायच्या आधी तोंडातली हवेची वाट क्षणभर बंद होते आणि आवाज थांबतो. तिथे कात्री चालवली तर कुणाला पत्ता लागत नाही. स आणि श यांच्या सुस्काऱ्यातही सांधा लपतो. पण म, ल, न आणि लांबलेला आकार ही वाहती अक्षरं. तिथे जोड दिला की ऐकणाऱ्याला पायरी चुकल्यासारखं होतं. मींडेच्या मध्ये तर कापायचंच नाही. एका टेकमधला षड्ज दुसऱ्यातल्या गंधाराकडे निघालेला नसतो. एवढं सांभाळून दोन तुकड्यांच्या कडा काही मिलिसेकंद एकमेकींत विरघळवायच्या, त्याला क्रॉसफेड म्हणतात. हे शिकल्यापासून टेककरांची काव्यदृष्टीच बदलली. ‘मलमली’ शब्द त्यांनी कवितेतून काढून तिथे ‘टपटप’ घातला. रसिक म्हणतात नाद आला. खरं तर कापायला जागा आली.

पंचपात्र्यांना हे सगळं रिकामटेकडेपण वाटतं. “भावजी, जिथे चुकलं तिथे दुरुस्त करा आणि पुढे चला.” त्यांचं दैवत म्हणजे १९७९ साली आलेलं पोर्टास्टुडिओ, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणारं यंत्र. ब्रूस स्प्रिंगस्टीननं न्यू जर्सीतल्या घरी त्यावर डेमो म्हणून गाणी भरली आणि १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्याच कॅसेटवरून निघाला. “घरच्या घरी, चार ट्रॅकवर!” पंचपात्रे टेबलावर मूठ आपटतात.

टेककरांकडे उत्तर तयार असतं. बीटल्सनी १९६६ मध्ये ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ रेकॉर्ड केलं. जॉन लेननला सातव्या टेकची सुरुवात आवडली आणि सव्विसाव्याचा पुढचा भाग. दोन्हींची लय वेगळी, पट्टी वेगळी. जॉर्ज मार्टिन आणि जेफ एमरिक यांनी टेपचा वेग कमीजास्त करून ते सांधले. पियानोवादक ग्लेन गूल्डनं तर १९६४ मध्ये मैफली सोडल्या आणि बाखच्या एका फ्यूगसाठी सहावा आणि आठवा टेक जोडल्याचं स्वतःच लिहून ठेवलं. “म्हणजे थोर लोक कॉम्पच करतात,” टेककर म्हणतात. गूल्डनं दोन टेक वापरले आणि टेककरांच्या पडद्यावर अडतीस आहेत, हा फरक ते गौण मानतात.

आता पंचपात्र्यांचीही झाकली मूठ उघडायला हवी. कॉम्प्युटरवर पंच मारला तरी जुना आवाज पुसला जात नाही. तो खाली दडून राहतो, हवा तेव्हा परत आणता येतो. त्यामुळे त्यांचं शौर्य बिनधोक आहे. त्यांची गाणी पूर्ण होतात हे खरं, पण ऐकताना ओळीगणिक ऋतू बदलतो. पहिली ओळ रविवार सकाळची, दुसरी मंगळवारच्या सर्दीतली. तिसरीत ते माइकच्या इतके जवळ आलेत की खर्ज अचानक फुगतो. चौथीत तीन पावलं मागे. तुकडा भरताना श्वास घ्यायला विसरले, की दोन ओळी एका दमात जातात; दोनदा घेतला, की गायकाला धाप लागल्यासारखी वाटते. कॉम्पवाल्याचं हे बरं असतं: पूर्ण टेकमध्ये आवाज एकाच ओघात तापत गेलेला असतो.

आमच्याच मजल्यावर नाना राहतात. ऐन उमेदीत ते हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवत. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये गायक आणि सगळे वादक एकाच वेळी. मागच्या रांगेतल्या एकाचा गज घसरला तरी सगळ्यांनी पहिल्यापासून. पंचपात्रे आणि टेककर एकदा निवाड्यासाठी नानांकडे गेले. नानांनी दोघांचं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, “आमची चूक साठ माणसं ऐकायची. त्या भीतीनं आम्ही घरून बसवून यायचो. तुमची कुणी ऐकत नाही आणि काही पुसलंही जात नाही. मग ठरवायची घाई कुणाला असणार?” पंचपात्र्यांना हा आपला विजय वाटला. टेककरांनी नानांना विचारलं, “म्हणजे तुमच्या मते पाचवा की सहावा?”

अखेर कॉम्प पूर्ण झाला. गाणं खरोखर सुरेख होतं. एवढंच, की ते कुणीही गायलेलं नव्हतं. आणि नेमकं त्याच वर्षी सोसायटीच्या गणपतीत टेककरवहिनींनी नवऱ्याचं नाव परस्पर देऊन टाकलं. टेककर स्वतःचंच गाणं कानाला लावून स्वतःची नक्कल करायला बसले. पहिल्याच कडव्यात डोळे पांढरे व्हायची वेळ आली. स्वच्छतेच्या भरात त्यांनी सगळे श्वास कापून टाकले होते. ते कडवं माणसाला गाण्यासारखं उरलंच नव्हतं. मग कुठे श्वास घ्यायचा, कुठे शब्द सोडून द्यायचा, कुठला सूर आपल्याला परवडतो, हे सगळं त्यांना आयुष्यात प्रथमच ठरवावं लागलं.

चतुर्थीनंतरच्या शनिवारी ते मांडवात उभे राहिले आणि गाणं सलग गायले. बाहेर खराखुरा पाऊस, वर ताडपत्री, साथीला पंचपात्रे पेटीवर. नानांनी दोनदा मान डोलावली. तळमजल्यावरच्या मुलानं मोबाइलवर सगळं टिपलं होतं. घरी आल्या आल्या टेककरांनी ती फाइल मागवून घेतली, हेडफोन चढवला आणि डोळे मिटून ऐकली.

“अप्रतिम आलंय,” ते म्हणाले. “फक्त दुसऱ्या कडव्यातला ‘थेंब’ किंचित उतरलाय. तेवढा एक शब्द एकोणिसाव्या टेकमधून बसवतो.”

“बसवताय कशाला?” पंचपात्रे उठून उभे राहिले. “तुम्ही पुन्हा गा, मी बटण दाबतो.”

दोघं कॉम्प्युटरकडे गेले तोपर्यंत वहिनींनी तो व्हिडिओ होता तसा सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला होता.