पाहील त्याचा सिनेमा?

मराठवाड्यातल्या तीर्थपुरीत ठोक्याने केलेलं रान कोणी आपल्या सातबाऱ्यात धरत नाही; हार्डडिस्कमधले आणि वर्गणीचे सिनेमे मात्र टीव्हीच्या एकाच पडद्यावर ‘माझा संग्रह’ म्हणून नांदतात. ३१ मार्च २०२३ला एचबीओच्या मालिका हॉटस्टारवरून गेल्या, त्या वर्गणीदाराच्या संग्रहातून गेल्या नाहीत. त्याच्या त्या कधी नव्हत्याच. एकत्र ठेवलं की शोधायला सोपं, हे खरं. पण आपली आणि दुसऱ्याची गुरं एका दावणीला बांधली, म्हणून सोडून नेणारा थांबत नाही. ‘डाउनलोड केलंय की!’ म्हणणाऱ्यांनी वर्गणी थांबवून पाहावी. मराठवाड्यातल्या कुळांना निदान १९५०च्या हैदराबाद कूळ कायद्याचं संरक्षण मिळालं. प्रेक्षक नावाचं कूळ दरमहा खंड भरतं आणि रिमोट हाती आहे म्हणून स्वतःला जमीनदार समजतं.