मुदत कुणाला, तुरुंग कुणाला?

अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात ‘बांगलादेशी’ म्हणून कुणी पकडला गेला की दुसऱ्या दिवशी बातमी येते. पुढच्या तारखांची बातमी कधीच येत नाही. पण तो माणूस परदेशी आहे की नाही, हे त्या तारखांनाच ठरायचं असतं.

महाराष्ट्रात या कामासाठी वेगळं न्यायालय नाही. आसामात परदेशी नागरिक न्यायाधिकरणं आहेत. आपल्याकडे हे खटले नेहमीच्या फौजदारी न्यायालयात, चोरी-मारामारीच्या फायलींच्या रांगेत उभे राहतात. फरक एकच, पण मोठा. चोरीत गुन्हा सरकारने सिद्ध करायचा. इथे आपण परदेशी नाही, हे आरोपीनेच सिद्ध करायचं. परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्यात तसं होतं, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तसंच आहे. शिवाय आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणजे माणूस नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्याच एका प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.

मग राहतात जन्माचे दाखले, आईवडिलांचे कागद, गावची जमीन. माणूस कल्याणच्या आधारवाडी तुरुंगात आणि कागद पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादच्या एखाद्या पंचायतीत. अशा माणसाच्या वकिलाने मुदतीचा अर्ज दिला, तर ती चालढकल नव्हे. तोच त्याचा बचाव आहे.

चालढकल वेगळी. साक्षीदार आला नाही, तपास अधिकारी बंदोबस्तात, आरोपीला आणायला पोलीस पार्टी नाही, वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात. द्या पुढची तारीख! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३४६ वं कलम सांगतं की साक्षी सुरू झाल्या की खटला रोजच्या रोज चालवा. तहकूब करायचाच तर कारण लिहा. परिस्थिती पक्षकाराच्या हाताबाहेरची असली तरी दोनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत. आणि वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलाय, हे कारण चालणार नाही. कायदा इतका स्वच्छ आहे. तो पाळला गेला नाही की सरकारी पक्षाला मिळते तारीख आणि आरोपीला मिळतो आणखी तुरुंग.

तुलनेला अमेरिका घ्या. तिथे इमिग्रेशनची स्वतंत्र न्यायालयं आहेत. तिथेही मुदत मिळते ती योग्य कारण दाखवल्यावरच. नुसता अर्ज टाकून घरी बसता येत नाही. तो मंजूर होईपर्यंत ठरल्या तारखेला हजर राहावंच लागतं, नाहीतर गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम निघू शकतो. तिथे सरकार वकीलही देत नाही. आपल्याकडे देतं. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न न पाहता, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. हा हक्क मोठा आहे, पण पहिल्या रिमांडलाच वापरला तर.

फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेल्या माणसांच्या छावणीचं उल्हासनगर झालं. उंबरठा सुटतो तेव्हा कागदही सुटतात, हे या शहराला कुणी शिकवायला नको. घुसखोर असेल तर कायद्याने परत पाठवाच. पण तो घुसखोर आहे की मालदा-मुर्शिदाबादचा गवंडी, हे तपासायला वेळ द्यावाच लागेल.

म्हणून प्रत्येक तहकुबीचं कारण आणि ती मागणाऱ्याचं नाव रोजनाम्यात ठळक लिहा. कागद आणायला मुदत मागणाऱ्याला ती द्या. साक्षीदार न आणणाऱ्याला नाकारा. आणि वाचकहो, तुमच्या चाळीतलं, साइटवरचं कुणी असं पकडलं गेलं, तर शेरा मारण्याआधी त्याच्या घरच्यांना तालुका विधी सेवा समितीचा पत्ता द्या, पहिल्या तारखेच्या आत.