नापास न होणारी बॅकटेस्ट : देऊळगाव राजातील होतकरू अल्गो ट्रेडरसाठी मार्गदर्शन

शेअर बाजारात स्वतःच्या हाताने पैसे घालवण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर, म्हणजे माणशी सरासरी दोन लाख. त्याच अभ्यासात दुसराही आकडा आहे. 2023-24 मध्ये परदेशी संस्था आणि स्वतःच्या भांडवलावर खेळणाऱ्या मोठ्या पेढ्या यांनी जो नफा खिशात घातला, त्यातला 96-97 टक्के अल्गोने, म्हणजे संगणकाला नियम देऊन केलेल्या व्यवहारांतून आला. यावरून निघणारा निष्कर्ष उघड आहे : हरणारे हाताने खेळतात, जिंकणारे अल्गोने, सबब आपणही अल्गो लिहावा. जिंकणाऱ्यांकडे गणितातले डॉक्टरेट आणि शेकडो कोटींचे भांडवलही असते, हा तपशील गौण समजावा.

अल्गो लिहिल्यावर त्याची बॅकटेस्ट करतात. आपला नियम जुन्या भावांवर चालवायचा आणि तेव्हा तो पाळला असता तर किती मिळाले असते ते पाहायचे, एवढीच ती विद्या. ती आपल्याकडे नवी नाही. समृद्धी महामार्गाची घोषणा होण्याआधी सिंदखेड राजाजवळ दोन एकर घेऊन ठेवले असते तर आज काय झाले असते, ही बॅकटेस्ट बसस्टँडवरच्या प्रत्येक हॉटेलात रोज होते आणि ती आजवर एकदाही तोट्यात गेलेली नाही. तीच खात्री पायथनमध्ये कशी आणावी, एवढेच या मार्गदर्शनात सांगायचे आहे.

पात्रता आणि साहित्य

चिखली, शेगाव किंवा जालना यांपैकी कुठल्याही कॉलेजात इंजिनीअरिंगचे किमान एक वर्ष काढलेले असावे. पूर्ण केले असल्यास हरकत नाही. एक लॅपटॉप लागेल; त्याचा हप्ता वडील भरत असल्यास उत्तम, त्यामुळे जोखीम विभागली जाते. पायथन फुकट मिळते. भावांचे तक्ते सांभाळणारी पांडाज ही लायब्ररीही फुकट मिळते. एवढ्या दोन गोष्टी फुकट मिळाल्यावर तिसरी वस्तू म्हणून पंचवीस हजारांचा ऑनलाइन कोर्स घ्यावा, नाहीतर विद्या फळत नाही.

पायरी पहिली : कशात ट्रेड करावे

ज्यातले आपल्याला कळते त्यात कधीही उतरू नये. सुदैवाने याची व्यवस्था सरकारनेच केली आहे. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओलावा सांगणारी माणसे या तालुक्यात घरोघर आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन दहा हजारांपर्यंत कसे चढले आणि माल घरात येईपर्यंत कसे उतरले, हे त्यांनी जवळून पाहिले आहे. म्हणून 20 डिसेंबर 2021 रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे वर्षभरासाठी थांबवले आणि पुढे त्या बंदीला मुदतवाढ मिळत गेली. तुरीचे वायदे तर 2007 पासूनच बंद. कापसाचा वायदा आहे, पण कापूस घरातच पडलेला असल्याने त्याविषयी तरुणांत उत्साह राहत नाही.

उरतात निफ्टी आणि बँक निफ्टी. या दोन्ही पिकांची पेरणी आपल्याकडे कोणी पाहिलेली नाही, त्यामुळे मन पूर्वग्रहांपासून मुक्त राहते. त्यातही ऑप्शन्स घ्यावेत. शेअर पडला तरी हातात काहीतरी उरते. ऑप्शन एक्स्पायरीच्या दुपारी शून्य होतो आणि वहीत हिशेब ठेवण्याचा त्रास वाचतो.

पायरी दुसरी : नियम लिहिणे

संगणकाला नियम नेमका सांगावा लागतो. ‘बाजार मजबूत वाटला की घ्यावे’ हे त्याला कळत नाही. या बाबतीत आपल्या जिल्ह्याला मोठी परंपरा आहे, पण ती उपयोगाची नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. अठरा धान्ये गोलात ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, पापड-कुरडई, राजाच्या नावाचा विडा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हलले, काय विरघळले ते पाहून पाऊस, पीक आणि राजकारणाचे भाकीत सांगितले जाते. ही प्रथा साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली असे सांगतात. वर्तमानपत्रे ते भाकीत दरवर्षी छापतात, म्हणजे डेटाही तयार आहे.

अडचण एकच येते. पाऊस ‘साधारण’, पीक ‘मध्यम’, ‘कुठे कमी, कुठे जास्त’ अशा शब्दांना पायथनमध्ये लिहायचे कसे? देऊळगाव महीला झोडपले आणि मेहुणा राजाला कोरडे राहिले तर भाकीत खरे. उलट झाले तरी खरेच. जे खोटे ठरूच शकत नाही, ते तपासताही येत नाही. होतकरू ट्रेडरने हा गुण मात्र जरूर उचलावा. नियम लिहिताना शेवटी एक ओळ मोकळी सोडावी : ‘बाकी बाजाराचा मूड पाहून’. बॅकटेस्टमध्ये मूड आपल्याला आधीच ठाऊक असल्याने ही ओळ सर्वांत जास्त नफा देते.

पायरी तिसरी : डेटा स्वच्छ करणे

जुने भाव उतरवून घेतल्यावर त्यात काही घाण सापडेल. 23 मार्च 2020 रोजी निफ्टी एका दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला. ती ओळ काढून टाकावी, कारण करोना काही रोज येत नाही. 4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा दिवस, तोही काढावा, कारण निवडणूक पाच वर्षांतून एकदाच होते. अशा रीतीने एकदाच येणाऱ्या सर्व गोष्टी काढल्या की उरलेला इतिहास अत्यंत सोज्वळ दिसतो. पुढच्या वर्षीही काहीतरी एकदाच येईल, ते पुढच्या वर्षी काढावे.

शेअर निवडताना आजची निफ्टी-पन्नासची यादी घ्यावी आणि ती 2008 पासून चालवावी. आजच्या यादीत सत्यम नाही, युनिटेक नाही, रिलायन्स कम्युनिकेशन्स नाही, येस बँकही नाही. एकेकाळी हे सगळे त्या पन्नासांत मानाने बसलेले होते. मेलेल्यांना आधीच वगळून केलेल्या शर्यतीत सगळेच धावताना दिसतात. अभ्यासक याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात आणि नाक मुरडतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

पायरी चौथी : उद्याचा भाव आज मिळवणे

ही संपूर्ण विद्येची गुरुकिल्ली आहे. समजा, नियम असा : दिवसाचा बंद भाव वीस दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर खरेदी. बंद भाव कळतो दुपारी साडेतीनला. मग खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायला हवी. त्यासाठी कोडमध्ये सिग्नलचा रकाना एक ओळ खाली सरकवावा लागतो; पांडाजमध्ये त्यासाठी ‘शिफ्ट’ नावाची आज्ञा आहे. ती लिहायची विसरावी.

विसरताच साडेतीनचा भाव सकाळी सव्वानऊला कळू लागतो. एरवी असे ज्ञान फक्त देवळातल्या बालाजी महाराजांना असते, आणि ते कधी ट्रेडिंग करताना आढळलेले नाहीत. आलेख डाव्या तळातून उजव्या माथ्यापर्यंत जिन्यासारखा चढत जातो, मध्ये एकही घसरण नाही. असा आलेख दिसला की जाणकार माणूस कोडमधली चूक शोधायला बसतो. होतकरूने स्क्रीनशॉट काढावा.

पायरी पाचवी : आकडे पिळणे

नफा अजूनही मनासारखा नसेल तर खचू नये. दोन सरासऱ्यांचा नियम घ्या. छोटी सरासरी 1 ते 50 दिवसांची, मोठी 51 ते 250 दिवसांची, स्टॉपलॉस, म्हणजे तोट्याची मर्यादा, दहा प्रकारचे. 50 गुणिले 200 गुणिले 10, म्हणजे एक लाख जोड्या झाल्या. सगळ्या चालवाव्यात. एक लाख जोड्यांत दोन-चार जोड्या निव्वळ योगायोगाने झळकणारच; जिंकलेली तेवढी ठेवावी आणि बाकी नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवांचा उल्लेख कुठेही करू नये. समजा 17 आणि 83 ही जोडी पहिली आली. आता 17 आणि 83 च का, याचे कारण शोधावे. दोघांची बेरीज शंभर होते, हे कारण पुरेसे आहे.

16 आणि 84 घेतल्यावर तोटा होतो, असे कोणी दाखवून दिले तर त्याला बाजाराची सूक्ष्मता कळत नाही असे समजावे.

पायरी सहावी : खर्च

खर्च धरू नये. 1 ऑक्टोबर 2024 रोजी ऑप्शन विकताना लागणारा एसटीटी हा कर 0.0625 टक्क्यावरून 0.1 टक्क्यावर गेला. ब्रोकरेज, एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी, स्टॅम्प ड्यूटी वेगळी. सेबीच्या हिशेबाने 2023-24 मध्ये प्रत्येक वैयक्तिक ट्रेडरने या खर्चापोटीच सरासरी 26 हजार रुपये दिले. जिंकला तरी दिले, हरला तरी दिले. शिवाय स्क्रीनवर दिसणारा भाव आणि आपल्याला मिळणारा भाव यांत फरक पडतो, तो स्लिपेज. हे सगळे कोडात लिहायला तीन ओळी लागतात, आणि त्या तीन ओळी उत्तमोत्तम स्ट्रॅटेज्या गिळतात. हा हिंसाचार टाळावा.

पायरी सातवी : घरच्यांना दाखवणे

आता पन्नास हजारांचे दहा वर्षांत एक कोटी नव्वद लाख झालेले दिसतील. हे वडिलांना जेवण झाल्यावर दाखवावे. संवाद साधारण असा होतो.

“हे एक कोटी नव्वद लाख कुठं हायेत?”

“बॅकटेस्टमधे हायेत, आबा.”

“मंग या महिन्याचा टॅक्टरचा हप्ता तिथूनच भर.”

यावर उत्तर नाही. मेव्हण्याला मात्र आलेख आवडतो आणि तो स्वतःचे पैसे देऊ करतो. इथे कायदा आडवा येतो. किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गोविषयी सेबीने 4 फेब्रुवारी 2025 रोजी परिपत्रक काढले. स्वतः लिहिलेल्या अल्गोने ऑर्डरचा ठरलेला वेग ओलांडला, म्हणजे सेकंदाला दहाची मर्यादा, तर त्याची एक्स्चेंजकडे नोंदणी करायची. आणि असा अल्गो कुटुंबापुरताच वापरायचा. कुटुंब म्हणजे स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील. मेव्हण्याचा उल्लेख नाही. आणि आई-वडील आपल्यावर अवलंबून असावे लागतात. लॅपटॉपचा हप्ता भरणारे वडील या व्याख्येत बसत नाहीत.

पायरी आठवी : मैदानात

एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट, ऑर्डर टाकायला न बदलणारा, स्टॅटिक आयपी पत्ता लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटचा पत्ता सारखा बदलतो, तेव्हा ती सोय आधी करावी. लाईट जाईल. ऑर्डर गेलेली असेल आणि स्टॉपलॉस जायचा असेल, नेमकी अशाच वेळी लाईट जाते. पण न्यूनगंड बाळगू नये. 24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईत साक्षात एनएसई एक्स्चेंजच जवळपास चार तास बंद पडले होते.

मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर एनएसईच्या आवारातच भाड्याने ठेवलेले असतात. आपला लॅपटॉप तिथून चारशेहून अधिक किलोमीटरवर आहे. समृद्धीमुळे माणूस लवकर पोचतो. ऑर्डर त्या रस्त्याने जात नाही. समोर कोण बसले आहे याची कल्पना हवी असल्यास 3 जुलै 2025 चा सेबीचा अंतरिम आदेश वाचावा. जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीने बँक निफ्टीत भाव हलवून ऑप्शन्समध्ये बेकायदा कमाई केल्याचा ठपका ठेवत सेबीने 4,843 कोटी रुपये जप्त करण्याचे आदेश दिले. कंपनीने आरोप नाकारले. तो वाद काहीही ठरो, आपली 17-83 ची जोडी बँक निफ्टीच्या ज्या बांधावर उभी असते, त्याच बांधावर हे लोक असतात.

परिशिष्ट : ज्यांना वरील पद्धत मान्य नाही त्यांच्यासाठी

काही हट्टी लोक तरीही विचारतील, की खरी बॅकटेस्ट कशी करतात. त्यांनी दूर जाऊ नये. या तालुक्यात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचे सीड प्लॉट घेणारे शेतकरी आहेत. नर काढणे, क्रॉसिंग, विलगीकरणाचे अंतर, सगळे हाताने आणि वेळेवर. प्लॉट कितीही हिरवागार दिसला तरी कंपनी त्यावर पैसे देत नाही. बियाण्याचे सॅम्पल जाते, ते दुसऱ्या जमिनीत लावतात, झाडे मोठी होऊ देतात आणि भेसळ मोजतात. सॅम्पल पास झाले तर पेमेंट. ही परीक्षा प्लॉटवाला स्वतः घेत नाही, त्याच्या शेतात होत नाही, आणि निकालाआधी त्याला काही बदलता येत नाही.

तसेच करावे. नियम 2015 ते 2020 च्या भावांवर बसवावा, 2021 नंतरचे भाव कुलपात ठेवावेत. नियम कागदावर पक्का लिहून, पूर्ण खर्च धरून, यादीतून बाहेर फेकलेल्या कंपन्यांसह, ते कुलूप एकदाच उघडावे. एकदाच. निकाल पाहून नियम बदलला आणि परत लावला, तर ते सॅम्पल प्लॉटमधलेच झाले. पास झालाच, तर काही महिने कागदी व्यवहार करावेत आणि मग सर्वांत लहान लॉट घ्यावा.

बहुतेक नियम नापास होतील. त्या दिवशी वहीत जमेच्या बाजूला दोन लाख रुपये लिहावेत, कारण सेबीच्या सरासरीप्रमाणे तेवढे वाचले. पूर्ण बॅकटेस्टिंगमधली एवढीच कमाई अशी आहे जिच्यावर एसटीटी लागत नाही. मात्र तिचा आलेख सपाट येतो, आणि सपाट आलेख स्टेटसला ठेवणारा माणूस देऊळगाव राजात अजून जन्माला यायचा आहे.