मीटर चालू आहे

इंजिनाचं काम करून घेतलं तर ते बॉनेटखाली झाकून राहतं. डॅशबोर्ड मात्र शेजारी बसणाऱ्याच्या नाकासमोर असतो. म्हणून बापूंच्या फियाटीचं मीटर आधी आणि इंजिन सवडीनं, असं मी ठरवलं. गाडी १९७२ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, 'पद्मिनी' हे नाव लागायच्या आधीची. पन्नाशी उलटली की सरकार गाडीला 'विंटेज' म्हणतं आणि रोजच्या कामाला वापरू नका असंही बजावतं. आमची बॅटरी ही अट आधीपासूनच पाळत आली आहे.

कोल्हापूरच्या मीटरवाल्या मिस्त्रींनी माझ्यादेखत मीटर उघडलं. काचेला आतून आजऱ्याच्या पावसाळ्यांची बुरशी. आत ॲल्युमिनियमची एक छोटी वाटी. गिअरबॉक्सकडून येणारी केबल लोहचुंबक फिरवते. चुंबक वाटीला शिवतही नाही, तरी वाटी त्याच्यामागं ओढ घेते आणि केसाएवढी स्प्रिंग तिला मागं खेचते. या ओढाताणीत काटा जिथं ठरेल तो आपला वेग. "हात नको लावू, मालक," मिस्त्री म्हणाले. मी लावणारच होतो.

स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झेनं १९०२ साली याचं पेटंट घेतलं, हे मी स्टँडवरच्या चहाच्या गाड्यावर भारदस्त आवाजात सांगितलं. मंडळींनी मान डोलावली आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देती?"

या प्रश्नापुढं आमच्याकडं कोणाचीच सुटका नाही. म्हशीला दूध किती, उसाला एकरी टन किती आणि गाडीला ॲव्हरेज किती. आंबोलीच्या वाटेवर चहाला थांबलेल्या एका परदेशी गाडीच्या मालकाला, गाडीची किंमत बंगल्याएवढी असताना, हेच विचारलेलं मी ऐकलंय. बिचारा इंग्रजीत लाजला. उत्तर खरं देण्यात अर्थ नसतो. कमी सांगितलं तर लोक कीव करतात, जास्त सांगितलं तर "घाट उतरताना काढलं असंल" म्हणतात. बापू बेधडक "पंधरा" म्हणायचे. ॲव्हरेज काढायला किलोमीटर कळावे लागतात, पेट्रोल कळावं लागतं. बापूंचे दोन्ही काटे मेलेले. पेट्रोल ते टाकीत काठी बुडवून बघायचे, आणि वेगाचं विचारलं तर "पायाला कळतो" म्हणायचे. एक केबल टाकायला काय होतं यांना, म्हणून मी कैकदा चिडलोय. त्या चिडण्याचा थोडा भाग अजून शिल्लक आहे.

पण बंद मीटरचा एक फायदा होता. आकडा अठ्ठेचाळीस हजारांच्या पुढं अडकलेला. "एवढीच चाललीय, सगळं ओरिजनल," असं मी त्याच गाड्यावर सांगत होतो. कोपऱ्यातले आण्णा म्हणाले, "केबल तुटली ती तुज्या बापूनं परत बसिवलीच न्हाई. माजी थोरली अडली तवा मध्यरात्री, भर पावसात, गडहिंग्लजला न्हेली ह्याच गाडीनं. ते कुठं मोजलंय तुज्या मीटरात?"

चहा गार झाला. आण्णा काही आरोप करत नव्हते, हिशेब सांगत होते. बापूंनी घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. आम्हाला सकाळी फक्त मागच्या सीटवर ओली घोंगडी दिसायची आणि "कोण बसलं होतं?" म्हणून आई करवादायची.

मिस्त्रींनी विचारलं, "आकडे शून्यावर आणू? का अंदाजानं दीडेक लाखावर न्हेऊ?"

"आहेत तिथंच राहू द्या," मी म्हणालो. आणि पुढं शहाणपणा म्हणून जोडलं, "फक्त काट्याला भगवा रंग जरा उठावदार द्या."

आता केबल नवी आहे, टाकीतला फ्लोट नवा आहे, दोन्ही काटे हलतात. चाळीसच्या पुढं वेगाचा काटा थरथरतो, त्याला ग्रीस लागेल म्हणे. सगळं हाताशी आल्यावर मी वही घेऊन शास्त्रोक्त ॲव्हरेज काढलं. नऊ आलं. परत काढलं, साडेआठ.

काल स्टँडवर कुणीतरी विचारलंच. "पंधरा," मी म्हणालो.