जुना मतदार जाणार कुठे?

गोव्यात तत्त्व बाळगणं महाग पडतं. मतदारसंघ चाळीसच, आणि तेही एवढेसे की एका वाड्यानं तोंड फिरवलं तरी आमदार घरी बसतो. अशा ठिकाणी तत्त्व जपून, बेताबेतानं वापरावं लागतं. भारतीय जनता पक्षाइतक्या काटकसरीनं ते कोणीच वापरलेलं नाही, हे विरोधकांनीही मोकळ्या मनानं मान्य करावं.

२०११ साली दिगंबर कामतांच्या काँग्रेस सरकारनं इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं. शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असल्यापासून, म्हणजे १९९० पासून, हा सरकारी पैसा मराठी-कोंकणी शाळांसाठी राखलेला होता. भाजप खवळला. मातृभाषा बुडाली, संस्कृती बुडाली! भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्यात स्वतः काकोडकर होत्या, संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर होते, आणि मनोहर पर्रीकरांचा पक्ष घोषणा द्यायला हजर होता.

त्याच सुमारास पक्षातल्या कोणी तरी जनगणना उघडून पाहिली असावी. गोव्यात दर चौथा माणूस ख्रिस्ती. चर्चच्या संस्थांच्या शाळा गावोगाव, आणि पालकांना इंग्रजी हवी. २०१२च्या निवडणुकीत पक्षानं कॅथलिक उमेदवारांना आवर्जून तिकिटं दिली आणि चाळीसपैकी २१ जागा जिंकल्या. संस्कृतीरक्षकांनी पेढे वाटले. मग सरकार आलं आणि अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान जसंच्या तसं चालू राहिलं. मंचानं विचारलं, 'आपलं ठरलं होतं ना?' ठरलं होतंच, पण ते आंदोलनापुरतं.

आहाराच्या बाबतीतही हीच उदार दृष्टी. २०१५ साली महाराष्ट्रात याच पक्षाच्या सरकारनं बैलाच्या कत्तलीवरही बंदी आणली. २०१७ साली गोव्याच्या विधानसभेत मुख्यमंत्री पर्रीकरांनी ग्वाही दिली की राज्यात बीफचा तुटवडा पडू देणार नाही, लागलं तर बेळगावहून आणू. बेळगावचा प्रश्न महाराष्ट्रात साठ वर्षं भिजत पडलाय. गोव्यात तो थेट स्वयंपाकघरातून सुटला. महाराष्ट्रातून गोव्यात येताना पत्रादेवीचा नाका ओलांडला की ट्रकाचे कागद तपासतात, तत्त्वाचे तपासत नाहीत, ही प्रशासकीय सोय वाखाणण्यासारखी आहे.

आता कोणी म्हणेल, नव्या मतदाराला जवळ करणं यात वाईट काय? काहीच नाही. कॅथलिक पालकाला आपल्या मुलासाठी इंग्रजी हवी असेल, तर तसं उघड सांगून अनुदान द्यावं. पण मग जुन्या मतदारालाही उघड सांगावं लागतं, की बाबा रे, तुझ्या भाषेचा मुद्दा आम्ही सोडला. तेवढंच कोणी सांगत नाही. नव्याला अनुदान मिळतं, जुन्याला भाषण. सरकारी हिशेबात हे फार परवडतं, कारण भाषणाची तरतूद अर्थसंकल्पात करावी लागत नाही.

आणि जुना मतदार रागावला तर? या प्रश्नाचं उत्तर पक्षाकडे आधीपासून तयार असतं: तो जाणार कुठे?

वेलिंगकर मात्र गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये संघानं त्यांना पदावरून दूर केलं, तेव्हा त्यांनी गोवा सुरक्षा मंच नावाचा पक्षच काढला. शिवसेना आणि मराठीचा वारसा सांगणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) यांच्याशी युती करून २०१७ची निवडणूक लढवली. भाजप १३ जागांवर घसरला, म्हणजे धडा शिकवला म्हणायचा. गोवा सुरक्षा मंचाला स्वतःला एकही जागा मिळाली नाही. मगोच्या तीन आल्या, आणि निकाल लागताच मगो पर्रीकरांच्या सरकारात जाऊन बसला. ज्यांना पाडायला युती केली, त्यांचंच सरकार युतीतल्या मित्रानं उभं केलं.

राहिले दिगंबर कामत, ज्यांच्या निर्णयानं मातृभाषा बुडत होती. ते २०२२ साली भाजपमध्ये आले. खरं तर परत आले, कारण २००५ पर्यंत ते तिथलेच. मातृभाषा बुडवणारे आणि वाचवणारे आता एकाच पक्षात असल्यानं हा वाद कायमचा मिटला आहे.

भाषेसाठी रस्त्यावर उतरलेल्या मतदारानं यातून धडा घ्यायचा तर एकच आहे. पक्ष त्याच्यापाशी मत मागायला येतो तो सवयीनं. नव्या मतदाराकडे येतो तो गरजेनं. पदरात काही पाडून घ्यायचं असेल तर दर निवडणुकीला आपण नवे असल्यासारखं वागावं.