स्लॅब थांबवणारी सून

"काय गं, तुझ्या सुनेनं म्हणे काल स्लॅब थांबवला?"

काकूंना बातम्या कुठून लागतात हे कराडच्या पोलिसांनाही सांगता येणार नाही. मी दोरीवर कपडे वाळत घालत होते आणि त्या कुंपणापलीकडं कढीपत्ता तोडत होत्या. तोडत होत्या म्हणजे उभ्या होत्या. कढीपत्त्याला एवढा वेळ लागत नाही.

"थांबवला," मी म्हटलं.

"अगं पण मुहूर्त काढलेला! नारळ फुटलेला, पेढे वाटलेले. मिक्सर-लिफ्ट दारात येऊन उभी, एवढी माणसं, त्यांची मजुरी... आणि ही वर उभी राहून म्हणाली म्हणे, आज काँक्रीट पडणार नाही. सगळ्यांसमोर?"

"मग काय चिठ्ठी पाठवायची होती?"

काकूंनी कढीपत्त्याची डहाळी पदरात टाकली आणि कुंपणाला टेकल्या. म्हणजे आता पाच मिनिटांत सुटका नाही.

"झालं काय होतं पण?"

"जॉइंटमध्ये रिंगा नव्हत्या. कॉलम आणि बीम जिथं भेटतात ना, तिथं सळ्यांची इतकी दाटी होते की रिंग घालायला फिटरचे हात आत जात नाहीत. मग तो ती सोडूनच देतो. एकदा काँक्रीट पडलं की कोण बघतंय? आणि बीमच्या रिंगांचे हूक नव्वद अंशात सोडलेले. ते एकशे पस्तीसमध्ये आत वळवायचे असतात, पार पोटात. भूकंपात बाहेरच्या अंगाचं काँक्रीट ढलप्या होऊन गळतं. हूक नव्वदचा असेल तर त्या वेळी रिंग उघडते आणि मोळीचा दोर सुटल्यावर लाकडं पसरावीत तशा सळ्या बाहेर येतात."

"हे सगळं तुला कसं गं कळतं?"

"घरात रात्री जेवताना दुसरा विषय असतो का! आमचा मुलगा बँकेत आहे, पण त्यालाही आता हूकची लांबी पाठ झालीय. सळीच्या जाडीच्या सहापट, आणि पासष्ट मिलीमीटरपेक्षा कमी चालत नाही."

भूकंप म्हटल्यावर काकू जरा गप्प झाल्या. त्या मूळच्या पाटणच्या. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाची ती पहाट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की मीही त्या वेळी तिथं होते असं मला वाटायला लागलंय. पण त्या दिवशी त्यांनी ती सांगितली नाही. एवढंच म्हणाल्या, "आमची घरं दगडमातीची होती म्हणून पडली. आता सगळं आरसीसी आहे की."

"आरसीसी पण पडतं, काकू. 2001 च्या 26 जानेवारीला भुजला भूकंप झाला आणि तिथून दोनशे किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या अहमदाबादमध्ये नव्या-नव्या इमारती बसल्या. त्यांच्यात लोखंड नव्हतं असं थोडंच आहे? लोखंड होतं. पण लोखंड असणं आणि ते नीट बांधलेलं असणं या दोन गोष्टी आहेत, असं आमची सूनबाई म्हणते."

"म्हणू दे बाई. पण कॉन्ट्रॅक्टर ऐकतो का बाईमाणसाचं?"

आता खरा विषय आला. रिंगा हे निमित्त होतं. काकूंना तीन वर्षं हेच विचारायचं होतं.

तसं सूनबाईचं सरळ काहीच नव्हतं. इथल्याच कॉलेजातून सिव्हिल केलं. शेवटच्या वर्षाला कॅम्पसला सॉफ्टवेअरवाल्या कंपन्या आल्या, बरोबरीचे निम्मे तिकडे गेले. सिव्हिलवाले काय नि कॉम्प्युटरवाले काय, त्यांना सगळे सारखेच. हिनं स्ट्रक्चर्समध्ये एम.ई. करायचं ठरवलं. मग पुण्याला एका आरसीसी कन्सल्टंटकडं लागली. पगार ऐकून तिच्या वडिलांनी विचारलं होतं म्हणे, हा महिन्याचा की आठवड्याचा? सुरुवातीला कुणी डिझाइनला हातही लावू देत नाही. बार बेंडिंग शेड्यूल काढायचं, म्हणजे कुठली सळी किती लांब, कुठं वाकणार, वजन किती, याचे तक्ते. कंटाळवाणं काम. पण ती म्हणते, आज साइटवर उभं राहिल्या राहिल्या चूक दिसते ती त्या तक्त्यांमुळं, सॉफ्टवेअरमुळं नाही. सॉफ्टवेअर काय, जे भरू त्यावर उत्तर देतं.

आणि साइटवर गेलं की पहिला प्रश्न, "सर कधी येणार?" हिच्याबरोबर डिप्लोमाचा एक पोरगा असायचा, नवीनच लागलेला. सगळे त्याच्याकडं बघून बोलायचे. तो बिचारा घाबरून हिच्याकडं बघायचा. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या हसून हसून कुंपणावर वाकल्या. पण साइटवर दिवसभर बाईला जायला जागा नसते, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, हे सांगितल्यावर मात्र हसल्या नाहीत. "आम्ही शेतावर हेच केलं," म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "पण धाडस म्हणायचं. असली ही पहिलीच असेल, नाही?"

"पहिली कसली! शकुंतला भगत माहितेय?"

"कोण, त्या कोपऱ्यावरच्या भगतांची?"

"नाही हो. मुंबईच्या. माहेरच्या जोशी. वडील एस. बी. जोशी, पूल बांधण्यातलं मोठं नाव. या 1953 साली व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या. पुढं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला जाऊन एम.एस. केलं, आयआयटी मुंबईत शिकवलं."

"वडीलच पूल बांधणारे, मग काय!"

काकूंचा हा एक ठेवणीतला बाण. कुणाच्याही मुलीचं कौतुक केलं की त्या वडील शोधतात.

"वडिलांच्या नावावर नोकरी मिळेल काकू, पूल उभा राहील का? यांनी आणि यांच्या मिस्टरांनी, ते मेकॅनिकल इंजिनिअर, 1970 मध्ये क्वाड्रिकॉन नावाची कंपनी काढली. पोलादी पुलाचे ठरावीक मापाचे सुटे भाग कारखान्यात करायचे, डोंगरात न्यायचे आणि तिथं जोडायचे. तेच भाग कमी-जास्त करून लहान पूल, मोठा पूल. मुख्य करामत होती जोडात. युनिशिअर कनेक्टर म्हणतात त्याला. त्यांच्या शोधांतला तोच नावाजलेला."

"म्हणजे परत जोडच!"

काकूंना हे चटकन दिसलं, आणि मला खरंच बरं वाटलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई.

"पहिले दोन पूल 1972 साली हिमाचलात स्पितीला, चार महिन्यांत. मी भूगोल शिकवायची तेव्हा स्पिती नकाशात बोटानं दाखवायची. तिथं वर्षातले किती महिने बर्फ नसतं ते मला विचारा! तिथं हे असले सुटे भाग नेऊन जोडले. 1978 पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत एकूणसत्तर झाले होते."

"आणि आपल्याला नावही माहीत नाही."

"नाव आहे. 'भारतातली पहिली महिला सिव्हिल इंजिनिअर' म्हणून छापतात. पण तेही खरं नाही. मद्रासच्या गिंडी कॉलेजातून पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज 1944 मध्येच सिव्हिल होऊन बाहेर पडल्या होत्या. थ्रेसियाबाई पुढं 1971 साली केरळच्या पीडब्ल्यूडीच्या चीफ इंजिनिअर झाल्या. अख्ख्या राज्याच्या! म्हणजे त्या जोडाबद्दल कुणी बोलत नाही, 'पहिली' एवढंच लिहितात, आणि नेमकं तेवढंच चुकतं."

मला या 'पहिली'चा मनापासून कंटाळा आला आहे. पहिली म्हटलं की काम विचारायची गरज राहत नाही.

"ती चिनाबच्या पुलावरची पण बाई आहे ना? टीव्हीवर दाखवत होते."

"माधवी लता. बंगळुरूच्या आयआयएससीच्या प्रोफेसर. सतरा वर्षं त्या पुलावर सल्लागार होत्या. नदीपासून तीनशे एकोणसाठ मीटर उंच पूल, पण त्यांचं काम पुलाच्या कमानीचं नव्हतं, ती ज्या डोंगरावर टेकलीय त्या डोंगराचं. खडक फुटका-तुटका, तो घसरू नये म्हणून त्यात अँकर कसे मारायचे, उतार कसा धरून ठेवायचा हे त्या बघायच्या. 2025 च्या जूनमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि सगळीकडं 'पुलामागची बाई' सुरू झालं. तर त्यांनी स्वतःच लिहिलं, मला उगाच प्रसिद्ध करू नका, हजारो लोकांनी केलंय, मी त्यातली एक."

"असं लिहिलं? आमच्या मंडळात हळदीकुंकवाचे फोटो कुणी काढले यावरून भांडणं होतात."

तेवढ्यात सूनबाई गाडी काढायला बाहेर आली. हेल्मेट दोन, एक गाडीचं नि एक साइटचं पिवळं. काकू लगेच गोड आवाजात, "काय गं, पडला का मग स्लॅब?"

"उद्या, काकू. रिंगा घालून झाल्यात, संध्याकाळी परत बघते."

"मालक रागावला असेल."

"रागावलेत. फोन उचलत नाहीत." ती हसली आणि गेली. हसली खरी, पण वाया गेलेल्या मजुरीचं बिल अजून यायचंय आणि मालकाचा भाऊ गावात सगळ्यांना सांगत फिरतोय की बाईला अनुभव नाही, हे मला माहीत आहे. काकूंना सांगितलं नाही. त्यांना बहुतेक माझ्याआधी कळलं असावं.

गाडीचा आवाज लांब गेल्यावर काकूंनी आवाज खाली आणला. "अगं, आमच्या बाथरूमवर टाकी बसवायचीय. पाचशेची आहे, धाकटा म्हणतो दोन हजार लिटरची आणू. गवंडी म्हणाला काही होत नाही."

"दोन हजार लिटर म्हणजे दोन टन, काकू. टाकीचं वजन वेगळं."

"तेच म्हणते. तुझ्या सुनेला सांग ना, जाता-येता एक नजर टाक म्हणावं."

"टाकेल. पण फी घेते."

"शेजाऱ्यांकडून?"

"माझ्या सख्ख्या भावाकडून घेतली."

काकूंनी पदरातला कढीपत्ता उगाच वर-खाली केला. "बरं, रविवारी पाठव."

"आणि बाथरूमचं ड्रॉइंग काढून ठेवा. कुठली सळी कुठं आहे ते बघेल ती."

"ड्रॉइंग?" काकू म्हणाल्या. "ह्यांनी बांधलं तेव्हा गवंड्यानं अंगणातल्या फरशीवर खडूनं काढलं होतं बाई. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला."